सहा टोले आणि एक झाकण

काका : मावशी, हात जोडतो, पाया पडतो, झाकण द्या.

मावशी : पाया बिया पडू नका. मागच्या वेळी वाकलात तर उठवायला दोन माणसं लागली होती.

काका : अहो, साडेपाच होऊन गेले! सहाला घंटा आहे!

मावशी : असू दे की. टेकडीवरच्या मोठ्या प्रार्थनाघराची घंटा आहे, तिची तिनं वाजावं. माझ्या चहाच्या पातेल्याच्या झाकणाचा तिच्याशी काय संबंध?

काका : हळू बोला, हळू! भिंतींना कान असतात म्हणतात, आणि ही तर रेडिओ स्टेशनची भिंत. हिला तोंडही आहे.

मावशी : अकरा वर्षांत बोलले का मी कुणाला? रोज सहाला पाच कमी असताना यायचं. झाकण या दिव्याच्या हुकाला टांगायचं. तुम्ही माइक त्याच्या पोटाशी धरायचा आणि मी आलं ठेचायच्या बत्त्यानं सहा टोले द्यायचे. बत्त्यावर तुमचा पायमोजा.

काका : डाव्या पायाचा. धुतलेला.

मावशी : कधी काळी धुतलेला. आणि रेडिओवर ते ऐकून अख्खं गाव हातातलं काम टाकून उभं राहतं. डोळे मिटतं. कुणाचा पाय पाळण्याच्या दोरीवर, कुणाचा हात कणकेत, सगळे थांबतात. माझ्या झाकणापुढं!

काका : म्हणून तर म्हणतो द्या. आज त्या घंटेला शंभर वर्षं झाली. वर जत्रेसारखी गर्दी आहे. प्रार्थनाघराचे प्रमुख, टेकडीवरचे थोरले, स्वतः दोर ओढणार आहेत. त्यांच्या मनोऱ्यात आपला माइक लावलाय, तिथून सगळं थेट रेडिओवर जाणार.

मावशी : मग झालंच की. खरी घंटा वाजेल, खरा माइक ऐकेल. माझं झाकण कशाला तडमडतंय मध्ये?

काका : डोकं चालवा जरा! अकरा वर्षं गावाच्या कानाला तुमच्या झाकणाची सवय झालीय. आज एकदम खरी वाजली की लोक म्हणतील, ही कोण नवीन? मग चौकशी. मग टेप मागतील. मग माझी चार महिन्यांवर आलेली निवृत्ती चार मिनिटांवर येईल. म्हणून मी ठरवलंय, सहाच्या ठोक्याला मनोऱ्याचं बटण खाली, इथलं बटण वर, तुम्ही ठणाठण, की परत मनोरा. कुणाला पत्ता लागणार नाही.

मावशी : बटणराव, तुम्ही फार हुशार. पण झाकण मिळणार नाही.

काका : अहो पण हे सगळं झालं कुणामुळं?

मावशी : कुणामुळं?

काका : तुमच्यामुळं!

मावशी : वा! चोराच्या उलट्या बोंबा. रोज सहाला लावायची ती घंटेची टेप मी पुसली?

काका : तुम्हीच त्या दिवशी मोरीत भांडी घासताना तुमच्या लोकांचं ते प्रार्थनेचं गाणं म्हणत होता ना? मी इथं बसून ऐकलं. म्हटलं, असला आवाज मोरीतून वाहून जाऊ द्यायचा? हाताला लागली ती टेप घातली, माइक घेऊन धावलो आणि घेतलं. पाच मिनिटं पुरती. मग टेपवर लिहिलेलं नाव वाचलं.

मावशी : आधी वाचायचं असतं.

काका : आधी वाचायची सवय असती तर साहेब नसतो का झालो?

मावशी : बरं, पुसली तर पुसली. वर जाऊन घंटा परत टेप करून आणायची.

काका : कोणत्या तोंडानं? वर जायचं तर अर्ज लागतो. अर्जात कारण लागतं. कारण काय लिहू, ‘तुमच्या घंटेवर नदीकाठच्या बाईचं गाणं भरलं’?

मावशी : मग माझं झाकण तरी टेप करून ठेवा, म्हणून किती वर्षं कानी कपाळी ओरडतेय.

काका : टेपवर घुमारा येत नाही.

मावशी : घुमारा येत नाही, का सहाचा फुकटचा चहा येत नाही?

काका : ...दोन्ही.

मावशी : आत्ता कसं खरं बोललात.

काका : मग द्या ना. इतकी वर्षं दिलंत, आजच काय झालं?

मावशी : काल संध्याकाळच्या बातम्यांत स्टेशन चालवणाऱ्या मॅडमनी काय वाचलं?

काका : मी ऐकत नाही. मी नुसती बटणं फिरवतो.

मावशी : टेकडीवरून आलेलं पत्र वाचलं. ‘नदीकाठच्या काही मंडळींच्या बेसूर गोंगाटामुळं घंटेच्या पावित्र्याला बाधा येते.’ नदीकाठची मंडळी म्हणजे आम्ही. एकशे चाळीस घरं. देवळासारखं काही नाही आमच्याकडं, इस्त्रीच्या दुकानामागं एक खोली आहे. आठवड्यातून एकदा तास दोन तास बसतो, गातो. तो गोंगाट! आणि माझं झाकण पावित्र्य!

काका : बडा घर पोकळ वासा. सोडून द्या.

मावशी : मी सोडलंच होतं. घरी गेले तर नात जेवायला तयार नाही. आमची चिमणी, तिसरीत आहे. वर्गात मुलींनी विचारलं म्हणे, तुमची प्रार्थना रेडिओवर येते का? ही म्हणाली, नाही. तर म्हणतात, मग ती खोटी असणार. खऱ्या असतात त्या रेडिओवर येतात.

काका : पोरींचं काय मनावर घेता.

मावशी : पोरींचं नाही हो, मोठ्यांचंच ते, पोरींच्या तोंडून येतंय. नऊ अर्ज केले आम्ही या स्टेशनला. आठवड्यातनं पाच मिनिटं द्या, एवढंच. टेकडीवाल्यांना सकाळी अर्धा तास, संध्याकाळी घंटा, सणासुदीला अख्खा दिवस. आम्हाला नऊ वेळा एकच उत्तर आलं. पाठ झालंय मला : ‘श्रोत्यांना सवय नाही.’ तर आज मी पण अर्ज नामंजूर केलाय. झाकणाला सवय नाही.

मॅडम : कसलं झाकण?

काका : मेलो.

मावशी : या मॅडम. चहा आणू?

मॅडम : काका, तुमच्या टेबलावरचा बोलायचा खटका चालू आहे. तुमच्याकडून माझ्या खोलीत बोलायचा. गेली दहा मिनिटं मी फाइल उघडून बसलेय आणि माझ्या भिंतीतून तुमच्या पायमोज्याची कथा ऐकतेय!

काका : धुतलेला आहे, मॅडम.

मॅडम : मी इथं येऊन सहा महिने झाले! सहा महिने मी रोज संध्याकाळी माझ्या खुर्चीतून उठून उभी राहते! एकदा तर मला भरून आलं होतं!

मावशी : त्या दिवशी मी जरा जोरात मारलं होतं. नवीन बत्ता होता.

मॅडम : हसू नका! मी हसत नाहीये. हे... हे हसणं नाहीये, मला ठसका लागलाय.

काका : पाणी घ्या.

मॅडम : काही नको. ऐका. आज ही फसवाफसवी बंद. वर मनोऱ्यात खरी घंटा आहे, ती वाजेल, ती जाईल. लोकांना वेगळी वाटली तर सांगू, शंभर वर्षं झाली म्हणून घासून पुसून लखलखीत केली. संपलं. झाकण पातेल्यावर, मोजा पायात.

काका : फोन वाजतोय. थांबा हं. हॅलो? कोण? अरे, घंटेकरी दादा! मॅडम, मनोऱ्यातून घंटेकरी बोलतोय. बोल बाबा. हो, ठरल्याप्रमाणं सहाला... काय? आमची? आमची घंटा वेळेवर वाजवू म्हणजे? अरे तुमची घंटा आहे, तुम्ही वाजवायची! हो, थोरले दोर ओढणार, ते माहितीय. मग? ...आँ?

मॅडम : काय झालं?

काका : परत बोल. हळू बोल. कधीपासून? तेरा वर्षं? अरे देवा! तेरा वर्षं!

मावशी : बटणराव, खाली बसा. बसा आधी.

काका : मॅडम, घंटा फुटलीय.

मॅडम : आत्ता?

काका : तेरा वर्षांपूर्वी. वरपासून खालपर्यंत चीर आहे. वाजवली तर ‘थप’ म्हणते, उशी आपटल्यासारखी. याच्याच हातून झालं, याची बोलायची हिंमत नाही. थोरल्यांना कानानं कमी ऐकू येतं. तर हा गडी काय करतो, रोज सहाला आपला रेडिओ लावतो आणि मनोऱ्याच्या भोंग्याला जोडतो!

मॅडम : म्हणजे टेकडीवरून जो आवाज येतो तो...

काका : आपला!

मॅडम : आणि आपण जो लावतो तो...

मावशी : माझा.

मॅडम : थांबा, मला नीट कळू द्या. टेकडी आपल्या भरवशावर, आपण झाकणाच्या भरवशावर...

मावशी : आणि झाकण माझ्या बुडाखाली.

काका : बुडाखाली?

मावशी : दुपारपासून त्याच्यावरच बसलेय. सगळं स्टेशन धुंडाळलंत, कोळशाचं पोतं उपसलंत, मी मजा बघत होते.

काका : मॅडम, तो विचारतोय, वर प्लग एकच आहे. त्यात आपला माइक लावलाय. सहाला तो आपला माइक काढणार आणि रेडिओ लावणार. चालेल का म्हणतो. ...हो रे बाबा, चालेल. न चालून सांगतो कुणाला! ठेव.

मॅडम : म्हणजे सहाच्या ठोक्याला थोरले दोर ओढणार, घंटा ‘थप’ म्हणणार, माइक बंद, रेडिओ चालू. आणि इथून काही गेलं नाही तर?

काका : तर हजार माणसं वर माना करून उभी, आणि थोरले लोंबकळतायत दोराला, शांततेत. आपले चेअरमन पहिल्या रांगेत.

मॅडम : मावशी, झाकण द्या!

मावशी : आत्ताच म्हणालात ना, झाकण पातेल्यावर?

मॅडम : मावशी, प्लीज. बारा मिनिटं राहिलीत.

मावशी : मलाही पाचच हवीत. आठवड्यातनं.

मॅडम : माझ्या हातात नाही हो ते! चेअरमन टेकडीवाले, जाहिराती टेकडीवाल्यांच्या, इमारत टेकडीवाल्यांची. आणि खरंच, श्रोत्यांना सवय...

मावशी : झाकणाची लागली ना?

काका : ह्याला म्हणतात टोला.

मॅडम : काका, तुम्ही गप्प बसा! मावशी, मी खोटं आश्वासन देत नाही. कालचं पत्र मी वाचलं, वाचायला नको होतं. आलं तसं वाचलं. ‘बेसूर’ शब्दावर अडखळले होते, तरी वाचलं. पण पाच मिनिटं देते असं आज सांगितलं तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरं कुणी असेल आणि तुमचा दहावा अर्ज नामंजूर होईल. यापेक्षा जास्त खरं माझ्याकडं नाही.

मावशी : हं. निदान आजचा तरी जिवंत माणसानं तोंडावर नामंजूर केला म्हणायचा.

काका : ऐका, ऐका, स्पीकरवर थोरले बोलतायत! मनोरा सुरू झालाय, थेट जातंय.

मावशी : काय म्हणतायत?

काका : म्हणतायत, ‘हा शुद्ध धातू. शंभर वर्षांत या घंटेला परक्याचा हात लागला नाही...’

मावशी : हात नाही लागला, बत्ता लागला.

काका : ‘हिचा नाद कानी पडला की बेसूर आवाज आपोआप लोपतात...’

मॅडम : मावशी, फडकं काढा तोंडातून, गुदमराल. हसा, हसा. माइक इथला बंद आहे. अगं आई गं... शुद्ध धातू!

मावशी : जर्मनचं आहे हो माझं झाकण, साधं अ‍ॅल्युमिनियमचं! बाजारात पोचा आला म्हणून अर्ध्या किमतीत मिळालं! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तोही नाही, जर्मनचा!

काका : पोच्यामुळंच तर घुमतं ते! मॅडम, तीन मिनिटं. मी रडतोय का हसतोय मला कळत नाही. मावशी, शेवटचं विचारतो.

मावशी : खिडकीतून बघा, समोरचा न्हावी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच. ती भाजीवाली पण उठली. आमची चिमणी पण उभी असेल, तिला आवडतो तो आवाज. माझा आहे हे तिला ठाऊक नाही. ...घ्या. एवढ्या लोकांना कशाला तिष्ठत ठेवायचं. उठते मी. धरा, जरा गरम झालंय.

काका : मावशी, तुम्ही देवमाणूस!

मावशी : मोजा चढवा. आणि उद्यापासून नवीन मोजा.

(लाल दिवा लागतो. सहा टोले. लाल दिवा विझतो.)

काका : काय वाजली! काय वाजली! अकरा वर्षांत अशी वाजली नाही!

मॅडम : माझे हात बघा, काटा आलाय. झाकण आहे हे माहीत असून काटा आला, काय म्हणावं याला?

मावशी : मी चहा टाकते.

मॅडम : काका, आता मनोरा. थोरल्यांचं पाच मिनिटांचं प्रवचन आहे. द्या.

काका : दिलं.

मॅडम : काही ऐकू येत नाही.

काका : बटण वर आहे. पूर्ण वर आहे. ...प्लग!

मॅडम : काय प्लग?

काका : त्यानं आपला माइक काढून रेडिओ लावला ना! परत लावायचा विसरला! थोरले बोलतायत, पण लाकडाच्या ओंडक्यापुढं!

मॅडम : म्हणजे आत्ता रेडिओवर काय जातंय?

काका : काहीच नाही.

मॅडम : काहीच नाही? शंभर वर्षांच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर, काहीच नाही? आठ सेकंद झाले! काहीतरी लावा! दहा! सनईची टेप लावा, हवामान लावा, काहीही लावा!

काका : कपाटाची किल्ली तुमच्या खोलीत! इथं हाताशी एकच टेप आहे.

मॅडम : कसली? बघू नाव. ‘मोठी घंटा’.

काका : नाव तेच आहे, मॅडम. आत काय आहे ते तुम्ही भिंतीतून ऐकलंय.

मॅडम : पंधरा.

काका : तुम्ही सांगाल तसं. मी नुसती बटणं फिरवतो.

मॅडम : ...लावा.

मावशी : दूध संपलंय, बिनदुधाचा चालेल का? ...हे काय वाजतंय?

काका : तुम्ही.

मावशी : मी?

काका : अकरा वर्षांपूर्वीच्या. तो मागं घासायचा आवाज येतोय ना, ते मोठं पातेलं. तो नळ. आणि तो खोकला माझा, तेवढं माफ करा.

मावशी : ‘पाण्यावरती नाव तुझं, पुसता पुसत नाही...’ अगं बाई. ही तर सासूबाईंची चाल. मी हल्ली दुसऱ्या चालीवर म्हणते, विसरूनच गेले होते ही.

मॅडम : हे बेसूर?

काका : पत्रात तसं आहे, मॅडम.

मॅडम : गप्प बसा, ऐकू द्या.

काका : फोन. हॅलो, रेडिओ. हो. हो, चालूच आहे. कोण, न्हावीदादा? अहो समोरून कशाला फोन करताय, खिडकीतून ओरडा! ...म्हणतो, गिऱ्हाईक साबण लावून रडतंय, डोळ्यात साबण गेला का गाणं, कळत नाही. दुसरा वाजतोय. हॅलो? हो आजी. परत लावू का? अजून पहिलंच संपलं नाही! मॅडम, हा तुमच्यासाठी. टेकडी.

मॅडम : टेकडी? द्या. हॅलो. हो साहेब, मीच. हो, प्रवचन गेलं नाही, माफ करा, तांत्रिक... काय? थोरल्यांना ऐकू आलं? मनोऱ्यातल्या भोंग्यावरून? ...डोळ्यात पाणी? अच्छा. ...अच्छा. तसं जाहीर करू? पण साहेब... हो. हो, चेअरमन साहेब तिथंच आहेत, समजलं. ठेवते.

मावशी : काय म्हणतायत?

मॅडम : थोरले गहिवरले. म्हणतायत, हे आमचंच प्राचीन स्तोत्र, मधल्या काळात हरवलं होतं, आज शंभराव्या वर्षी घंटेच्या कृपेनं परत मिळालं. गाणं संपलं की मी तसं सांगायचं आहे.

काका : नळाच्या आवाजासकट प्राचीन?

मॅडम : दीड मिनिट राहिलंय.

मावशी : मॅडम, झाकण नेलं, नेऊ द्या. झाकणाला काय, दुसरं मिळेल. पण हे त्यांचं आहे असं म्हणू नका. खरं सांगायची हिंमत नसेल तर गप्प बसा, मी राग धरणार नाही. पण त्यांचं म्हणू नका.

काका : मॅडम, आपण टेकडीला फोन करून म्हणू, ‘जास्त बोलाल तर तेरा वर्षांची चीर बाहेर काढू.’ एका मिनिटात सरळ होतील!

मावशी : खबरदार! त्या घंटेकऱ्याची भाकरी जाईल. आणि ते न्हाव्याचं गिऱ्हाईक, ती भाजीवाली, ते डोळे मिटून उभे राहतात ते खोटं होतं का? घंटेचं नाव काढायचं नाही.

मॅडम : कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आमची आई म्हणायची.

काका : म्हणजे काय करायचं?

मॅडम : मला जमणार नाही. मी सहा महिने आलं तसं वाचतेय, माझी जीभ परत आलं तसंच वाचेल. मावशी, या खुर्चीत बसा.

मावशी : मी?

मॅडम : तुमचं आहे, तुम्ही सांगा.

मावशी : अहो, तुमची नोकरी!

मॅडम : गेली तर तुमचं स्टूल आहेच. चहा मला बरा जमतो.

काका : बरा नाही जमत, मॅडम, मी प्यायलोय.

मॅडम : काका, बटण! गाणं संपतंय.

मावशी : अहो, काय बोलू? मी कधी या काचेच्या या बाजूनं बसले नाही. हात ओले आहेत माझे.

काका : नेहमी बोलता तसंच बोला, फक्त मला शिव्या देऊ नका. मावशी, लाल दिवा लागला.

मावशी : लागला? ...नमस्कार. मी इथं चहा करते. आत्ता लागलं ते गाणं आमचं आहे, नदीकाठच्या लोकांचं. प्राचीन बिचीन मला माहीत नाही, सासूबाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आईनं. काम करताना म्हणायचं असतं, म्हणून मागं भांडी वाजतायत. इस्त्रीच्या दुकानामागं आमची खोली आहे, दार उघडंच असतं, कुणीही या. घंटा आज छान वाजली, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आणि चिमणे, आजी बोलतेय. उद्या वर्गात विचारलं ना, तर भांडू नकोस. नुसतं हो म्हण.